कोंबडी, दिवा आणि हिवाळ्यातील अंडे



दिवाळी सरून थंडी पडू लागली की पांढुर्णा-सौसरकडील गावठी कोंबड्यांची अंडी कमी होतात. नाताळ तोंडावर, अंड्यांना मागणी, आणि खुराडे मात्र रिकामे! मग कोंबडी 'निकामी' ठरते आणि बाजारात जाते. वास्तविक दोष तिचा नसून लहान झालेल्या दिवसाचा असतो.

आपल्या भागात जूनमधील दिवस सुमारे साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरमधील पावणेअकरा तासांचा असतो. कोंबडीला प्रकाश केवळ डोळ्यांनी कळतो असे नाही. तो कवटीतून पार होऊन मेंदूच्या तळाशी पोचतो. दिवस मोठा असला की तेथून पीयूषिका ग्रंथीला आज्ञा मिळते, संप्रेरके स्रवतात आणि बीजांडकोश कामाला लागतो. त्यासाठी रोज सुमारे चौदा तास उजेड हवा.

ही उणीव दिव्याने भरून काढता येते. खुराड्यात वर्तमानपत्र वाचता येईल इतका पिवळसर उजेड पुरे. दर आठवड्यास अर्धा तास वाढवीत, शेवटी पहाटे चारपासून उजाडेपर्यंत दिवा ठेवावा. तो पहाटेच लावणे बरे. रात्री एकाएकी मालवल्यास कोंबड्यांना अंधारात बसण्याची दांडी सापडत नाही. वेळ रोज एकच असावी. वीज अनियमित असेल तर हा खटाटोप करू नये. उजेड अचानक घटला की अंडी थांबतात, पिसेही झडू लागतात.

तथापि, दिवा म्हणजे दाणा नव्हे. प्रथिनयुक्त खाद्य, शिंपल्यांचा चुरा आणि स्वच्छ पाणी नसेल, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतील चुना कवचासाठी खर्ची घालते. वीस आठवड्यांखालील तलंगांना वाढीव उजेड देऊ नये. पिसे झडत असलेल्या कोंबडीस विश्रांती द्यावी. खुडूक बसणे तर गावठी जातीचा स्वभावच. ते दिव्याने सुटत नाही.

आपल्याच राज्यातील झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. तोही वर्षाला जेमतेम शंभर अंडी देणारा. संकरित कोंबडीच्या तीनशेंशी त्याची बरोबरी दिव्याने होणार नाही. दिवा ऋतूची उणीव भरतो, जात बदलत नाही. म्हणून हिवाळ्यात रुसलेली कोंबडी विकण्यापूर्वी एवढेच पाहावे : तिला पुरेसा उजेड आणि पोटभर दाणा आपण दिला आहे काय?