पटाच्या बैलाची कारकीर्द

जपानचा फॉरएव्हर यंग हा घोडा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी जन्मला. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत तो केवळ नाकाच्या अंतराने मागे पडला आणि तिसरा आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने रियाधचा सौदी कप जिंकला. पहिलं बक्षीस एक कोटी डॉलर! त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात ब्रीडर्स कप क्लासिकही त्याने मारली. जपानी घोड्याने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. या तिन्ही शर्यती मातीवरच्या. आपल्या महालक्ष्मीला घोडे हिरवळीवर पळतात. म्हणून मातीवरची शर्यत म्हटली, की आमच्या आसेगावकडच्या माणसाला घोडा नव्हे, शंकरपट आठवतो.

सोयाबीन निघालं, तूर घरात आली, की विदर्भात पटाचे दिवस येतात. हलकी छकडी, तिला दोन बैल, वर एक हाकणारा आणि समोर सरळ धावपट्टी. जोडी सुटते आणि तुम्ही डोळ्यांतली धूळ पुसेपर्यंत पोचलेलीही असते. निकाल घड्याळावर, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर दूरवर प्रसिद्ध. पूर्वेला झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक रंगतं.

घोड्याची जन्मतारीख, आईबाप, प्रत्येक धाव कागदावर असते. बैलाचं सगळं त्याच्या तोंडात! दोन दात आले की गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा, आठही दात आले की जुळला, म्हणजे साधारण पाच वर्षांचा. त्यानंतरची थोडी वर्षं काय ती त्याची खरी उमेद. त्याने कुठल्या गावी किती सेकंदांत पट मारला, हे पाहणाऱ्यांच्या आठवणीतच राहतं.

म्हणूनच बंदीचा हिशेब मला वेगळा वाटतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. कारण खोटं नव्हतं. शेपटी पिरगाळणं, आरी टोचणं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, पण उच्च न्यायालयाने तो रोखला. परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. माणसाच्या दृष्टीने मधली साडेसात वर्षं म्हणजे एक खटला. पण २०१४ मध्ये दोन दातांचा असलेला गोऱ्हा २०२१ मध्ये दहा वर्षांचा म्हातारा झाला होता. त्या पिढीत एखादा फॉरएव्हर यंग असेलही. त्याच्या मालकालाही तो कळला नाही.

आता नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजारांची अनामत, धाव हजार मीटरच्या आत, एका बैलाच्या दिवसाला तीनच धावा. काठी, चाबूक, विजेचा झटका बंद. क्रूरता सिद्ध झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम चांगले आहेत, पाळले जातात की नाही ते पंचांनी पाहायचं. मला यातलं एक कलम विशेष आवडतं: पळण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. पटाच्या बैलाला आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच स्वतःचा एक कागद मिळाला.