वेबसाइटचं पीएचपी कधी बदलायचं? आधी तुमचा हंगाम बघा



होस्टिंगवाल्याचा मेल येतो: "तुमचं पीएचपी जुनं आहे, नवीन व्हर्जन घ्या." मग वाद सुरू होतो. वेबसाइट बनवणारा म्हणतो, "बदलून टाकू, साइट पळायला लागेल." तुमचा अकाउंटंट म्हणतो, "चालतंय ना? मग हात लावू नका." ऐकायचं कोणाचं?

तुमची साइट वर्डप्रेसवर असेल, तर ती पीएचपीवरच चालते. सर्व्हरवर बसून कोड वाचणारं आणि पान तयार करून देणारं हे इंजिन आहे, असं समजा.

वेग खरंच वाढतो का?

2015 मध्ये पीएचपी 7.0 आलं, तेव्हा 5.6 च्या मानाने बऱ्याच साइटचा वेग जवळपास दुप्पट झाला. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये 8.0 आलं. त्यातल्या 'जेआयटी' सोयीचा खूप गाजावाजा झाला, पण साध्या वेबसाइटला तिचा फायदा थोडाच. कारण आपल्या साइटचा बराच वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जातो. काउंटरवरचा पोरगा कितीही चपळ असू द्या, गोदामातून माल यायला उशीर होत असेल तर गिऱ्हाईक उभंच राहणार.

म्हणून फक्त वेगासाठी घाई नको. घाई करायची ती सुरक्षेसाठी. पीएचपी 7.4 चा अधिकृत सपोर्ट 28 नोव्हेंबर 2022 ला संपला. त्यानंतर त्यात सापडलेली भोकं पीएचपीची टीम बुजवत नाही. तुमच्या क्लासच्या साइटवर विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर, फोटो, फीचा हिशोब असतो. तो उघड्यावर ठेवायचा का, हा खरा प्रश्न आहे.

मग अकाउंटंट का घाबरतो?

त्याचंही बरोबर आहे. एक उदाहरण बघा. फॉर्ममध्ये सवलतीचा रकाना रिकामा आहे. जुन्या कोडमध्ये लिहिलंय, "सवलत शून्य असेल तर पूर्ण फी घ्या." पीएचपी 7 रिकामा रकाना आणि शून्य एकच धरायचं. पीएचपी 8 तसं धरत नाही. म्हणजे सवलत न दिलेल्या मुलाच्या पावतीवर 'सवलत लागू' असं छापून येऊ शकतं. साइट बंद पडत नाही, स्क्रीनवर एरर दिसत नाही, फक्त हिशोब चुकतो. साइट बंद पडलेली लगेच कळते, हे मात्र महिनाअखेरीला कळतं.

कधी बदलायचं?

लातूर-नांदेडमध्ये क्लास चालवत असाल, तर दहावीच्या निकालापासून प्रवेश संपेपर्यंत व्हर्जनला हात लावू नका. आडत असेल, तर सोयाबीनची आवक सुरू झाल्यावर नको. पेरणीच्या दिवसांत आवक कमी असते, तेव्हा करा. कपड्याचं दुकान असेल, तर दसरा-दिवाळी जाऊ द्या. मात्र "पुढच्या हंगामानंतर" म्हणत दोन वर्षं काढू नका. तारीख आजच डायरीत लिहा.

कसं बदलायचं?

1. फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हीचा बॅकअप घ्या आणि तो तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा.
2. साइटची एक नक्कल वेगळ्या पत्त्यावर उभी करा आणि नवीन व्हर्जन आधी तिथे लावा.
3. आधी वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन अपडेट करा. वर्षानुवर्षं अपडेट न आलेलं प्लगइन दिसलं, तर त्याला पर्याय शोधा.
4. नकलेवर 5 खोट्या पावत्या फाडा: पूर्ण फी, सवलत, रिकामा रकाना, हप्ता आणि मराठी नाव. आकडे अकाउंटंटकडून तपासून घ्या.
5. खरी साइट सकाळी बदला, शनिवारी रात्री नको. काही अडलं तर फोन उचलणारं कुणी तरी पाहिजे.

आणि कोणतं व्हर्जन घ्यायचं? ज्याचा सपोर्ट अजून भरपूर शिल्लक आहे ते. 8.3 ला सुरक्षा दुरुस्त्या 31 डिसेंबर 2027 पर्यंत मिळणार आहेत, 8.4 ला 31 डिसेंबर 2028 पर्यंत.

आज एवढंच करा: होस्टिंग पॅनल उघडा, तुमचं व्हर्जन बघा आणि तो आकडा अकाउंटंट आणि वेबसाइटवाला दोघांनाही पाठवा. दोघांना एकाच टेबलावर बसवा. तारीख मात्र तुम्ही ठरवा, कारण हंगाम तुमचा आहे.