भांगावरचा लाल उजेड

चैत्रातल्या हळदीकुंकवाला निघाले होते. गजरा माळला, पण आकडा काही केसांत ठरेना. दोनदा खोचला, दोनदा सरकला. शेवटी लेक म्हणाली, "आई, आकडा धरायला केस तरी हवेत ना गं." रबरबँडला पूर्वी तीन वेढे बसायचे, आता पाच बसतात, हे तेव्हा लक्षात आलं. वय 47.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासून घेतलं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड. मग भिंगातून भांग बघितला आणि पडद्यावर मलाही दाखवला. जाड केसाला खेटून बारीक, लवीसारखा केस, त्याच्या शेजारी आणखी बारीक. मुळं जिवंत होती, पण दर खेपेला आधीपेक्षा बारीक केस येत होता. आईचा भांगही असाच रुंदावला होता. मिनॉक्सिडिल लावलं तर टाळूला इतकी खाज सुटली की दीड महिन्यात सोडलं. तेव्हा बाईंनी लेसरच्या फणीचं नाव काढलं.

या उपचाराचं मूळ बुडापेस्टमधलं. 1967 च्या सुमारास एंड्रे मेस्टर हे डॉक्टर उंदरांची पाठ भादरून तिच्यावर लेसरचा परिणाम तपासत होते. किरण पडले त्या जागी केस लवकर उगवले. लेसर म्हटलं की भाजणं, कापणं डोळ्यांपुढे येतं, पण फणीतला हा अगदी सौम्य, लाल, साधारण 650 नॅनोमीटरचा उजेड आहे. टाळूला ऊबही लागत नाही. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया हा प्रकाश शोषून घेतात आणि केसाचं मूळ वाढीच्या अवस्थेत जास्त काळ राहतं, असं शास्त्रज्ञ मानतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा फणीला पुरुषांसाठी 2007 मध्ये आणि बायकांसाठी 2011 मध्ये विक्रीची परवानगी दिली.

गुण किती येतो? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचण्यांत काहींना खरी फणी दिली होती, काहींना नुसत्या दिव्याची. 26 आठवड्यांनी खऱ्या फणीवाल्यांना चौरस सेंटिमीटरमागे आधीपेक्षा साधारण वीसेक केस जास्त आले. चाचण्यांचा खर्च फणी बनवणाऱ्या कंपनीचाच होता, हेही ध्यानात ठेवायला हवं. गुळगुळीत टकलावर मात्र हा उजेड काही करत नाही. मूळच उरलं नसेल तर जागं कोण होणार?

माझ्या जाऊबाईंचं ऐकून मला फार राग आला होता. डेंग्यूनंतर तीनेक महिन्यांनी त्यांचे केस ओंजळीने जायला लागले आणि फोनवरच्या एका विक्रेत्याने त्यांच्या गळ्यात हप्त्यावर लेसरचं हेल्मेट मारलं. तापानंतर खूपशी मुळं एकदमच विश्रांतीत जातात आणि काही महिन्यांत बहुधा आपली आपण परततात. त्यांना हेल्मेटची गरजच नव्हती. एक साधी तपासणी झाली असती तर ते पैसे वाचले असते.

माझा नेम सोमवार, बुधवार, शुक्रवार. केस धुतलेले, कोरडे. केसच प्रकाश अडवतात, म्हणून फणीच्या दातांनी ते बाजूला सारायचे, दर चार सेकंदांनी टिक् झालं की बोटभर पुढे. उजेड डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. पहिल्या दोन महिन्यांत मोरीच्या जाळीवर नेहमीपेक्षा मोठा गुंता निघाला आणि मी रडकुंडीला आले. जुने केस गळून नवे येताना असं होऊ शकतं, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून टिकले. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीत लेक भांगाचा फोटो काढते. पाचव्या महिन्याच्या फोटोत भांगाच्या कडेला आखूड, ताठ केस उभे दिसले. मग उन्हाळ्यात माहेरी फणी नेलीच नाही, पुढे आळसाने चार महिने गेले आणि भांग पुन्हा उघडा पडला. बाईंनी बजावलं, "थांबवलं की मिळवलेलं जातं."

आता परत सुरू करून सात महिने झाले. रबरबँडला चार वेढे बसतात. आज बुधवार, केस वाळत आलेत. फणी चार्जिंगला लावून ठेवली आहे.