अळीच्या अंगातली राखण

गावी पांढुर्णा-सौंसरला गेलात की संत्र्याच्या कोवळ्या पानांवर नीट बघा. पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी एक अळी दिसेल. ती लिंबावरच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवी होते आणि पाने फस्त करते.

तिचे रक्त लाल नसते, त्यात अँटिबॉडीजही नसतात. तरी जंतू आत शिरला की रक्तातल्या पेशी त्याला गिळतात. जिवाणू आणि बुरशीच्या आवरणात अळीच्या पेशींत नसलेले पदार्थ असतात, त्यांवरून परका कळतो. मरणाऱ्या पेशीची खूण वेगळी. एरवी आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेर येतो. फळमाशीत तो 'ड्रेपर' नावाचे प्रथिन ओळखते. पेशींचे हे गिळणे मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या पिल्लात पाहिले. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

याचा बागेशी संबंध काय? अळ्यांवर बिव्हेरिया ही बुरशी फवारतात. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली की काका म्हणतात, "औषध बोगस!" आणि विषारी फवारा काढतात. पण बुरशीला आधी अळीची कातडी भेदावी लागते. मग रक्तात ती ओळख पटवणारे आवरण टाकून देते, राखणदार पेशींना चकवते आणि वाढत जाते. याला काही दिवस लागतात. त्याच काळात बुरशीनाशक फवारले, तर आपलीच बुरशी मरते.

यंदा काकांना एवढेच सांगा: थोडा दम धरा, आत लढाई चालू आहे.