रक्तदाबाची मेंदूतील कचेरी

बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात असो वा घराजवळच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी दंडास पट्टा गुंडाळला, की हृदय व रक्तवाहिन्या होत्या तशाच असूनही पुष्कळांचा रक्तदाब क्षणार्धात चढतो; हा हुकूम सुटतो मेंदूतून, आणि त्याची मुख्य कचेरी मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत आहे. मानेतील रोहिणीच्या व महारोहिणीच्या कमानीच्या भित्तींत तैनात असलेले चेतातंतू तेथे ताणाची खबर अहोरात्र पोहोचवितात, आणि त्या खबरीबरहुकूम अनुकंपी चेतासंस्थेमार्फत रक्तवाहिन्या आकसण्याचे वा सैलावण्याचे फर्मान निघते. दाब दीर्घकाळ चढाच राहिला, तर ही यंत्रणा त्यालाच प्रमाण मानू लागते, ही तिची वाईट खोड!

मेंदू व रक्तदाब यांचे हे नाते एका औषधातही दिसते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण सप्रमाण मांडला; जी मुळी आपल्याकडे उन्माद व निद्रानाश यांवर दिली जाई, तीच रक्तदाबही उतरविते, हे मला फार सूचक वाटते. १९५२ साली तिच्यातून वेगळे काढलेले रेसर्पिन मेंदूतील व अनुकंपी चेतातंतूंतील नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिता करते. काहींना त्यापायी खिन्नता येई, आणि सौम्यतर औषधे आल्यावर त्याचा अंमल ओसरला.

रक्तदाब वाढण्यात मूत्रपिंड, मीठ व आनुवंशिकता यांचा वाटा मोठा आहेच. म्हणून ‘टेन्शन गेले की प्रेशर जाईल’ या भरवशावर कोणी परस्पर गोळी बंद करू नये, आणि मोजणीपूर्वी पाच मिनिटे न बोलता स्वस्थ बसावे.