विमानाची प्रतिकृति कशी पारखावी?

सुटीच्या दिवसांत प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून लढाऊ विमानांच्या लहान प्रतिकृति तयार करण्याचा छंद आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस आहे. छंद स्तुत्य आहे. त्यानें हाताला सफाई येते, डोळ्याला शिस्त लागते व थोडेंबहुत इतिहासाचें वाचनही घडतें. परंतु असले संच स्वस्त नसतात, आणि घेणारा बहुधा पेटीवरील रंगीत चित्राला भुलतो. म्हणून संच हातीं आल्यावर तो कोणत्या क्रमानें तपासावा, त्यांतील कोणता दोष क्षम्य व कोणता अक्षम्य, ह्याचा विचार विद्यार्थी व पालक ह्या दोघांच्याही उपयोगी पडेल, असें वाटून आम्ही हा लेख लिहीत आहों. उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धांतील प्रसिद्ध ब्रिटिश लढाऊ विमान ‘स्पिटफायर’ हें घेऊं.

रेजिनाल्ड मिचेल ह्या अभियंत्यांनीं रचलेलें हें विमान ५ मार्च १९३६ रोजीं इंग्लंडांतील साऊदॅम्प्टनजवळच्या ईस्टली येथून प्रथम उडालें. पुढल्याच वर्षीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, मिचेल निवर्तले. १९४० सालीं आपल्या विमानानें इंग्लंडच्या आकाशांत गाजविलेला पराक्रम त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. पुढें ह्या जातीचीं २०,००० हून अधिक विमानें बांधलीं गेलीं. योगायोग असा कीं, ज्या १९३६ सालीं स्पिटफायर उडालें, त्याच सालीं इंग्लंडांत ‘फ्रॉग’ ह्या नांवाखालीं प्लॅस्टिकच्या विमानांचे संच विक्रीस आले. त्यांचें प्रमाण १:७२ होतें. म्हणजे मूळचे सहा फूट तो प्रतिकृतींतील एक इंच. तेंच प्रमाण आजही सर्वत्र रूढ आहे.

कोणी म्हणेल, खेळण्याच्या बाबतींत एवढी काटेकोर पारख कशाला? त्यास इतिहासांतील दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं, युद्ध सुरू होऊन अवघे तीन दिवस झाले असतां, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं आपल्याच पक्षाचीं दोन हरिकेन विमानें शत्रूचीं समजून पाडलीं. त्यांत एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. त्या गोंधळास इतरही कारणें होतीं. तथापि विमानाची आकृति क्षणार्धांत ओळखतां येणें हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हें त्या दिवशीं सर्वांस कळून चुकलें. दुसरी गोष्ट अमेरिकेंतील. १९४२ सालीं तेथील नौदलानें शाळांतील मुलांकडून लांकडाच्या पांच लक्ष प्रतिकृति मागविल्या. त्या १:७२ प्रमाणाच्याच होत्या, व सैनिकांस विमानें ओळखण्याचें शिक्षण देण्यासाठीं त्यांचा उपयोग व्हावयाचा होता. त्या प्रतिकृतींत झगमगाट नको होता. आकार मात्र बिनचूक हवा होता. पारखीचें पहिलें सूत्र हेंच होय: आधीं आकार, मग अलंकार.

आतां प्रत्यक्ष तपासणीकडे वळूं. पेटी उघडतांच डिंकाकडे हात नेऊं नये, पट्टी घ्यावी. पहिल्या नमुन्याच्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे सुमारें ११·२३ मीटर, व लांबी २९ फूट ११ इंच, म्हणजे सुमारें ९·१२ मीटर होती. ह्यांस ७२ नीं भागिलें असतां विस्तार १५६ मिलिमीटर व लांबी साधारण १२७ मिलिमीटर येते. सुटे भाग न चिकटवितां एकमेकांशेजारीं मांडून हीं मापें घ्यावीं. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्यास आम्ही हरकत घेणार नाहीं. परंतु चार मिलिमीटरांची चूक म्हणजे मूळ विमानांत जवळजवळ एका फुटाची चूक, हें ध्यानांत ठेवावें.

मापें जुळलीं तरी आकार जुळतोच असें नाहीं. स्पिटफायरचा पंख वरून पाहिला असतां लंबवर्तुळाकार दिसतो. त्याची कड कोठेंही सरळ तुटल्यासारखी किंवा टोंकाशीं बोथट दिसतां कामा नये. समोरून पाहतांना दोन्ही पंख टोंकांकडे किंचित् वर उचललेले असावेत. खालून पाहतांना, जेथें पंख धडास मिळतो तेथें, समुद्रपक्ष्याच्या पंखासारखा एक हलका बांक असतो. निष्काळजी निर्माता ती जागा सपाट करून टाकतो. पंखाची मागील कड पातळ असावी. प्रतिकृतींत ती एक मिलिमीटर जाड असेल, तर मूळ विमानांत ती सुमारें तीन इंच जाड ठरेल!

त्यानंतर नमुना ओळखावा. स्पिटफायरचे अनेक नमुने झाले, आणि पेटीवर लिहिलेला नमुना व आंतील भाग ह्यांचा मेळ बसलाच पाहिजे. पहिल्या नमुन्यांत उजव्या पंखाखालीं मोठा चौकोनी रेडिएटर असतो, व डाव्या पंखाखालीं तेल थंड करण्याचें लहान यंत्र असतें. दोन्ही बाजू सारख्या नसतात. आठव्या व नवव्या नमुन्यांत मात्र दोन्ही पंखांखालीं सारखे मोठे रेडिएटर, लांब नाक व चार पात्यांचा प्रोपेलर असतो. तेव्हां ‘पहिला नमुना’ असें लिहिलेल्या पेटींत चार पातीं निघालीं, तर संच पारखण्याचें काम तेथेंच संपलें असें समजावें.

पृष्ठभागाचा विचार ह्यापुढें. पत्र्यांचे सांधे व रिव्हेटांचीं डोकीं पुष्कळ आणि ठळक असलीं म्हणजे काम बारकाईचें, असा एक गैरसमज आहे. स्पिटफायरच्या रचनाकारांनीं रिव्हेटांच्या उंचवट्यानें वेग किती घटतो हें पाहण्यासाठीं सपाट रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ चिकटवून विमान उडविलें होतें, व जेथें फरक पडेल तेथें रिव्हेट सपाटच ठेवले. आणि १:७२ प्रमाणाच्या प्रतिकृतीवर अर्ध्या मिलिमीटरची गांठ म्हणजे मूळ विमानावर लिंबाएवढा गोळा! जे अभियंते डाळीएवढा उंचवटाही सहन करीत नव्हते, त्यांच्या विमानावर आपण लिंबें कां बसवावीं? रेषा बारीक, उथळ व एकसारख्या असाव्यात, इतकें पुरे.

मग ओतकाम पाहावें. वितळलेलें पॉलिस्टायरीन पोलादी सांच्यांत मोठ्या दाबानें भरून हे भाग काढितात. सांचा झिजला असेल तर कडांस पातळ पापुद्रे येतात. प्लॅस्टिक असमान थंड झालें तर जाड भागावर खळगे पडतात. भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल वण राहतात. हे वण आंतल्या बाजूस असल्यास चालतील, वैमानिकाच्या बैठकीवर दिसल्यास नाहीं. धडाचीं दोन अंगें कोरडींच जुळवून उजेडासमोर धरावीं. फट दिसली तर तिची नोंद करावी. वैमानिकावरील पारदर्शक आच्छादनांतून छापील अक्षरें वांचतां आलीं पाहिजेत.

शेवटीं चिन्हें. पाण्यांत भिजवून चिकटवावयाच्या ह्या चिन्हांत रंग एकमेकांवर सरकलेले नसावेत, हें तर झालेंच. पण तीं योग्य देशकाळचींही असावींत. ब्रिटिश वर्तुळाच्या मध्यभागीं तांबडा ठिपका असे. परंतु आग्नेय आशियाच्या आघाडीवर जपानच्या तांबड्या सूर्यचिन्हाशीं घोटाळा होऊं नये म्हणून तो काढून गडद व फिकट निळ्या रंगांचीं वर्तुळें वापरीत. १९४४ सालीं हिंदी हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या तुकडीस आठव्या नमुन्याचीं स्पिटफायर विमानें मिळालीं, व तिनें तीं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलीं. ज्या विद्यार्थ्यास हिंदी वैमानिकांचें विमान करावयाचें असेल, त्यानें पहिल्या नमुन्याचा संच घेऊन त्यावर निळीं वर्तुळें चिकटविलीं, तर तें विमान इतिहासांत कोठेंच उडालेलें नसेल.

ह्या रीतीनें आम्हीं अलीकडे पहिल्या नमुन्याचा एक संच तपासला. त्याचा विस्तार व लांबी बरोबर निघालीं. पंखाची कड सुरेख होती. रेडिएटर योग्य बाजूस होते. परंतु पंखाखालचा बांक अर्धाच उतरला होता, रिव्हेट फार ठळक होते, व शेपटीजवळ एक फट राहत होती. आमचा निर्णय असा: रिव्हेट बारीक पॉलिश कागदानें घासतां येतील, फट लुकणानें भरतां येईल, हे दोष मेहनतीनें जाणारे आहेत. बांकाचा दोष नवशिक्याच्या हातून सुधारणार नाहीं. म्हणून शिकाऊ विद्यार्थ्यानें तो संच खुशाल घ्यावा; प्रदर्शनांत मांडणारानें दुसरा पाहावा.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, संच आणून दिल्यावर पहिली संध्याकाळ मुलास पट्टी, कागद व पेन्सिल घेऊन बसूं द्यावें, आणि त्यानें केलेली गुणदोषांची यादी वाचावी. चिकटविण्याचें द्रव प्लॅस्टिक विरघळवून सांधतें व त्याची वाफ बाधक असते. सबब तें काम उघड्या खिडकीजवळ, व सुरीचें काम वडील माणसाच्या देखत व्हावें. विद्यार्थ्यांनीं आपल्या याद्या जपून ठेवाव्या. दुसऱ्या संचाची यादी पहिलीशेजारीं ठेवली म्हणजे आपली नजर किती तयार झाली, हें ज्याचें त्यास कळेल.