हसण्याच्या गोष्टी – भाग ९ : 'नक्को'वर पिकलेला हशा

मागच्या आठवड्यात आपण दीर-भावजयीची थट्टा पाहिली. अशा नात्यांवर रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली एक लेख लिहिला आणि थट्टेची दोन घराणी सांगितली. एकात दोघेही एकमेकांना चिडवतात. दुसऱ्यात चिडवायचं एकानेच, दुसऱ्याने हसून घ्यायचं. परतफेड केलीच तर चिमूटभर. हे दुसरं घराणं घेऊन आज हैदराबादला जाऊ.

समलिंगी पुरुषांच्या बैठकीत थट्टेला मोठा मान असतो. शाळेत ज्या 'बायल्या'ने रडवलं, तोच शब्द इथे लाडाचा होतो. 'अगं बाई' म्हणत टाळ्या दिल्या जातात, आईने दाखवलेल्या स्थळांच्या नकला होतात. आठवडाभर ऑफिसात आवाज जाड करून बोलणाऱ्याला त्या हसण्याने किती मोकळं वाटतं, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. म्हणूनच त्या हसण्याबाहेर राहणं जास्त लागतं.

असं समजा : हायटेक सिटीजवळचा फ्लॅट, शनिवारची रात्र, गप्पा इंग्रजीत. नांदेडहून आलेला, कापडाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा पहिल्यांदाच आलाय. कुणीतरी ग्लास पुढे करतं. तो म्हणतो, "मेरेकू नक्को." खोलीत हशा फुटतो. कुणी ते विनोदी नट मेहमूदच्या आवाजात म्हणून दाखवतं. त्याच्या 'गुमनाम'पासून (१९६५) हैदराबादी बोली म्हणजे विनोदी नोकराची बोली, हे हिंदी सिनेमाने देशाला शिकवलंच आहे. दखनीतला 'नक्को' हा आपल्याच 'नको'चा सख्खा भाऊ. पोराला ते ठाऊक आहे, त्याच्याकडे फर्मास उत्तरही आहे. पण ते दखनीत आहे, आणि इथे दखनी बोलणं हाच विनोद आहे. तो हसतो. मग पाणी आणायला उठतो, तर त्याच्या चालीवर मागून कुणीतरी पंजे पसरून टाळी वाजवतं. हिजड्यांची टाळी.

या टाळीला या शहरात वेगळं वजन आहे. निजामाच्या राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९च्या सुमारास, हिजड्यांवर एक कायदा आला. त्यांची नोंदवही ठेवायची; बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसले तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. नांदेड-औरंगाबादही तेव्हा त्याच राज्यात होतं. पारलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्या वैजयंती वसंता मोगली आणि इतरांच्या याचिकेवर तेलंगण उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, तो जुलै २०२३ मध्ये. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार सर्वोच्च न्यायालयाने काढली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हणजे पॅन्ट-शर्टातला गे मोकळा झाल्यावरही साडीतल्या माणसाचा कायदा जवळपास पाच वर्षं कागदावर होताच. फ्लॅटमधल्या टाळीमागे हाच पाच वर्षांचा फरक उभा आहे, असं मला वाटतं : आम्ही 'तसले' नाही, हे हसून सांगायची सोय.

फ्रॉइडने १९०५ मध्ये म्हटलं होतं की बोचऱ्या विनोदाला तीन माणसं लागतात : सांगणारा, ज्याच्यावर सांगायचा तो, आणि ऐकणारा. सांगणाऱ्याची खरी गरज ऐकणाऱ्याची असते. त्याला आपल्या बाजूला ओढायचं असतं. फ्लॅटमध्ये तो ऐकणारा दिसत नाही. ज्या 'सभ्य' जगाने आपल्याला स्वीकारावं असं वाटतं, ते जग तिथे अदृश्य बसलेलं असतं.

पण गरिबांची थट्टा निर्मळ असते, असं म्हणायलाही मी धजणार नाही. मानववंशशास्त्रज्ञ गायत्री रेड्डी यांनी हैदराबाद-सिकंदराबादच्या हिजड्यांवर लिहिलेल्या पुस्तकात (२००५) पानोपानी 'इज्जत' येते. अस्सल कोण, नक्कल कोण, साडीतली कोण, पॅन्टवाली कोथी (बायकी वळणाचा पुरुष) कोण, याची तिथेही बारीक मोजणी चालते; नकली त्यांच्या भाषेत 'बेरूपिया'. आपल्या 'बहुरूपी'चाच हा नातलग दिसतो.

आता त्याच नांदेडच्या पोराला रविवारी संध्याकाळी नामपल्लीच्या टपरीवर पाहा. भोवती चार कोथी मैत्रिणी. तो बशी सरळ धरून, नाक वर करून, फ्लॅटमालकाचं इंग्रजी करून दाखवतोय आणि पोरींच्या डोळ्यांत पाणी आलंय. वर्तुळात एक नवी आहे, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. बोलताना इंग्रजी शब्द सहज येतात तिच्या तोंडी. ती सगळ्यांच्या आधी हसते, आणि त्यानंतर फार बोलत नाही.